सेल्फ घेते, पण गाडी चालू होत नाही: दोष कसा शोधायचा

चावी फिरवली, सेल्फने नेहमीसारखा आवाज दिला, इंजिन फिरायला लागलं आणि नुसतं फिरतच राहिलं. पेटलं नाही. मग पुन्हा चावी, पुन्हा तेच. सातव्या-आठव्या वेळेला तो आवाज जड होत जातो आणि शेवटी नुसती टकटक उरते. मूळ दोष होता तिथेच आहे, वर बॅटरीही बसली. आता तो दोष शोधणं आणखी अवघड, कारण इंजिन फिरवून बघायची सोयच गेली.

म्हणून पहिली पायरी म्हणजे चावीवरचा हात काढणं. एका वेळी फार तर १० सेकंद सेल्फ मारा, मग निदान अर्धा मिनिट थांबा. सेल्फची मोटर थोड्या वेळापुरतीच चालावी अशी बनवलेली असते. फिरताना ती शंभराहून जास्त अँपिअर खेचते आणि झपाट्याने तापते. पेट्रोल गाडीत तर प्रत्येक फेरीला न जळलेलं पेट्रोल आत जातं, ठिणगी देणारे प्लग भिजवतं, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि उरलेलं पुढे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन बसतं. दोन-तीन प्रयत्नांत गाडी उचलली नाही, तर आणखी दहा प्रयत्नांनी उचलण्याची शक्यता फारशी नसते. त्यापेक्षा तेच दोन-तीन प्रयत्न कान आणि नाक उघडं ठेवून केले, तर अर्धं निदान तिथेच होतं.

आधी आवाज ऐका

सेल्फ मारल्यावर एकच 'टक' किंवा नुसती टकटक येत असेल, तर तो वेगळा विषय आहे: बॅटरी, टर्मिनल किंवा खुद्द सेल्फ. इथे आपण इंजिन खरोखर फिरतंय असं धरून चाललो आहोत. पण फिरण्याचेही तीन प्रकार आहेत.

पहिला, दमल्यासारखं फिरणं. ढुर्र... ढुर्र... असं ओढून-ताणून. इथे लोक फसतात. इंजिन फिरतंय म्हणजे बॅटरी ठीक आहे असं ते मानतात. बॅटरीत सेल्फ कशीबशी फिरवण्याइतका जोर असतो, पण सेल्फ चालू असताना व्होल्टेज इतकं खाली जातं की इंजिनचा कंट्रोल युनिट, म्हणजे ईसीयू, आणि ठिणगीसाठी लागणारं मोठं व्होल्टेज तयार करणारी इग्निशन कॉइल यांना पुरेसा करंटच मिळत नाही. मल्टिमीटर असेल तर बॅटरीच्या दोन टोकांना लावून बघा. गाडी काही तास उभी असताना पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना आकडा खाली येणारच, पण तो ९.६ च्या खाली जात असेल तर बाकीची तपासणी नंतर. आधी बॅटरी चार्ज करा किंवा दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबलने जोडून जंप द्या. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर ती साफ करा. बॅटरीच्या ऋण टोकापासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टीही हलवून बघा, ती ढिली किंवा गंजलेली असली तरी लक्षणं हीच.

दुसरा, नेहमीच्या लयीत, ठसठशीत फिरणं. हा लेख मुख्यतः याच गाडीबद्दल आहे.

तिसरा, नेहमीपेक्षा वेगाने आणि अगदी गुळगुळीत फिरणं. मिक्सर रिकामा चालवल्यासारखा सलग आवाज, मधले ठोके गायब. याचा अर्थ सिलिंडरमध्ये दाब तयार होत नाही. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा दातेरी पट्टा, तुटल्याची किंवा दात घसरल्याची ही खूण असू शकते. असा आवाज आला तर पुन्हा सेल्फ मारू नका. बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत वेगवेगळ्या वेळी येत-जात असतात. बेल्ट नसला की ते एकमेकांवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. बेल्ट तुटला तेव्हा नुकसान झालं असेल-नसेल, पण प्रत्येक जादा सेल्फ ते वाढवू शकतो.

इथेच धक्कास्टार्टचा विषय संपवून टाकतो. गाडी बंद पडली की चार जण धावून येतात आणि ढकलायला लागतात. धक्का देऊन आपण फक्त सेल्फचं काम करतो, म्हणजे इंजिन फिरवतो. सेल्फ ते काम व्यवस्थित करत असेल तर ढकलून नवीन काहीच मिळत नाही, घाम सोडून. दमल्यासारखं फिरणाऱ्या गाडीत, आणि तीही मॅन्युअल गिअरची असेल तरच, त्याचा उपयोग आहे. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने चालू होत नाही.

सेल्फला हात लावू नये असे प्रसंग

गाडी साचलेल्या पाण्यातून गेली आणि बंद पडली असेल, तर सेल्फ मारू नका. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्याला थडकतो आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. एअर फिल्टरचा डबा उघडा. आतला कागद ओला असेल तर गाडी ओढून न्या आणि प्लग किंवा इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) काढून पाणी बाहेर काढल्यावरच इंजिन फिरवू द्या.

डिझेल गाडीत पेट्रोल किंवा पेट्रोल गाडीत डिझेल भरलं गेल्याची शंका असेल, तर इग्निशनसुद्धा ऑन करू नका. इग्निशन ऑन होताच टाकीतला पंप ते इंधन पुढे ढकलायला लागतो. तोवर टाकी रिकामी करून भागतं, नंतर पाइपपासून इंजेक्टरपर्यंत सगळं धुवावं लागतं.

आणि बॉनेटखाली किंवा गाडीखाली पेट्रोलचा भपकारा येत असेल, थेंब पडताना दिसत असतील, तर गाडीपासून लांब व्हा. गळती सापडेपर्यंत ठिणगी उडवणारं काहीही करायचं नाही.

डॅशबोर्डवरचे दिवे बघा

चावी सेल्फपर्यंत न नेता फक्त ऑनवर ठेवा. पुश बटणाच्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण दाबलं की दोन टप्प्यांत इग्निशन ऑन होतं. आता इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा, म्हणजे चेक इंजिन, लागायला हवा. इंजिन बंद असताना तो लागणं हेच निरोगीपण आहे. बाकीचे दिवे लागले आणि हा एकटाच लागला नाही, तर ईसीयूलाच करंट पोचत नसल्याचा संशय घ्या. मग प्लग आणि पंपाच्या मागे न लागता ईसीयूचा फ्यूज आणि मेन रिले (करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आधी तपासा.

मग चावीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा. इग्निशन ऑन केल्यावर तो विझायच्या ऐवजी भराभर लुकलुकत राहिला, तर इमोबिलायझरला, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू होऊ न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेला, चावी ओळखता आलेली नाही. काही गाड्यांत अशा वेळी सेल्फच लागत नाही. काहींत सेल्फ छान लागतो पण इंजेक्टर आणि ठिणगी बंद ठेवली जाते. काहींत इंजिन चालू होऊन एक-दोन सेकंदांत मरतं. दुसरी चावी वापरून बघा. चावीच्या जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर ती वेगळी करा. रिमोटवर चालणाऱ्या गाडीत रिमोटचा सेल संपला असेल, तर रिमोट थेट स्टार्ट बटणाला टेकवून किंवा माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या जागी ठेवून प्रयत्न करा. हे दोन मिनिटांचं काम न करता गाडी ओढून नेणारे कमी नाहीत.

तिसरी खूण आरपीएमचा काटा. सेल्फ मारताना इंजिन मिनिटाला साधारण २०० ते ३०० फेरे घेतं, त्यामुळे बऱ्याच गाड्यांत काटा शून्यावरून किंचित उठतो. तो शून्यावर चिकटून राहिला, तर इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळतच नसावं. ही बातमी त्याला क्रँक सेन्सर देतो, आणि ती मिळाली नाही तर तो ठिणगीही देत नाही आणि इंधनही. सगळ्याच गाड्यांत काटा हलत नाही, म्हणून एवढ्या एका खुणेवर सेन्सर बदलायला जाऊ नका. संशयितांच्या यादीत मात्र त्याचं नाव वर लिहून ठेवा.

आणि हो, इंधनाचा काटा. काटा पाव टाकी दाखवतोय म्हणजे पाव टाकी आहेच असं नाही. टाकीतला फ्लोट अडकतो, आणि गाडी उतारावर तिरकी उभी असेल तर उरलेलं इंधन पंपापासून दूर जातं. शंका असेल तर पाच लिटर टाका. मी एकदा या पायरीला हसून पुढे गेलो होतो आणि अर्धा दिवस रिले काढण्या-घालण्यात घालवला होता.

सीएनजी गाडी चालवणाऱ्यांनी इथे जास्त थांबावं. बऱ्याच सीएनजी गाड्या पेट्रोलवर चालू होतात आणि इंजिन थोडं तापल्यावर आपोआप गॅसवर जातात. पेट्रोलची टाकी महिनोन्महिने तळाशी ठेवली की पंप कोरडा पडून जळतो, उरलेलं पेट्रोल शिळं होतं आणि गॅसचा सिलिंडर भरलेला असूनही गाडी चालू होत नाही.

इंधन नाही की ठिणगी नाही?

पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात इंधन आणि हवा, योग्य क्षणी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये दाब. नेहमीच्या लयीत फिरणाऱ्या इंजिनात दाब बहुतेक ठीक असतो. उरतात दोन. या दोनांतलं कोणतं कमी आहे ते ठरवल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पंप बदलून बघू, मग कॉइल बदलून बघू, या पद्धतीत शेवटी दोष सापडतोही, फक्त तोवर नव्या गाडीच्या पहिल्या हप्त्याइतका खर्च झालेला असतो.

शांत जागी गाडीचे काच-दरवाजे बंद करा आणि इग्निशन ऑन करा. मागच्या सीटखालून किंवा टाकीच्या बाजूने दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. तो पंप पाइपमध्ये दाब भरतोय. ऐकू येत नसेल तर कुणाला तरी टाकीचं झाकण उघडून कान लावायला सांगा. काही गाड्यांत पंप ड्रायव्हरचा दरवाजा उघडतानाच चालू होतो, काहींत फक्त सेल्फ मारताना. म्हणून गाडी चांगली असताना हा आवाज एकदा ऐकून ठेवलेला बरा.

आता पाच-सात सेकंद सेल्फ मारा आणि सायलेन्सरजवळ जाऊन वास घ्या. कच्च्या पेट्रोलचा वास आला तर इंधन आत पोचतंय, संशय ठिणगीवर. काहीच वास नाही, तर संशय इंधनावर.

पक्कं करायचं तर एक प्लग काढा. इंजिन थंड असताना, प्लगभोवतीची धूळ फुंकून, म्हणजे ती आत पडणार नाही. सेल्फ मारल्यानंतर लगेच काढलेल्या प्लगचं टोक ओलं आणि वासाचं असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही. टोक कोरडं ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचलंच नाही. ही खूण फार बोलकी आहे, आणि तिला लागतो फक्त एक प्लग पाना.

प्लग कोरडा निघाला तर

आधी फ्यूज. बॉनेटखालच्या किंवा स्टिअरिंगखालच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. पंपाचा फ्यूज शोधा आणि डोळ्यांनी बघून न थांबता टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटरने तपासा, कारण केसाएवढी चीर दिसत नाही. उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा घाला. तो पुन्हा उडाला तर वायर कुठे तरी बॉडीला लागते आहे किंवा पंप अडकून जास्त करंट ओढतोय. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणं म्हणजे आगीला आमंत्रण.

मग रिले. त्याच बॉक्समध्ये हॉर्नचा किंवा दुसऱ्या कशाचा तरी तंतोतंत तसाच, त्याच क्रमांकाचा रिले बहुतेक वेळा सापडतो. दोघांची अदलाबदल करा. पंप गुणगुणला तर दोष सापडला.

काही गाड्यांत इनर्शिया स्विच असतो. टक्कर झाली तर पंप बंद करायचं त्याचं काम. पण मोठ्या खड्ड्यात आदळल्यावर किंवा पार्किंगमध्ये कुणी ठोकर दिल्यावरही तो उडू शकतो. तो कुठे आहे ते माहितीपुस्तिकेत असतं, आणि त्याचं बटण दाबलं की तो पूर्ववत होतो. अर्थात पेट्रोल गळत नाही याची आधी खात्री करून.

फ्यूज, रिले ठीक, तरी पंप मुका? एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने टाकीच्या बुडाला मुठीने किंवा रबरी हातोडीने दोन-चार ठोके द्यावेत. झिजलेल्या ब्रशचा पंप असा कधी कधी जागा होतो. गाडी चालू झाली तर ती दुरुस्ती समजू नका. पंप शेवटच्या घटका मोजतोय एवढंच कळलं, गॅरेजपर्यंत न्यायला तेवढं पुरतं. ठोक्यांनीही काही झालं नाही तर पंपाच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट येतात का ते मोजायचं. येत असतील तर पंप गेला. येत नसतील तर वायर, आणि वायर म्हटलं की उंदीर. गाडी आठवडाभर उभी राहून बंद पडली असेल तर फ्यूजच्याही आधी बॉनेट उघडून कुरतडलेल्या वायरी, लेंड्या आणि गवत-कापसाचं घरटं बघा.

पंप चालतोय पण दाब कमी, हीही शक्यता आहे: तुंबलेला फिल्टर, बिघडलेला प्रेशर रेग्युलेटर, थकलेला पंप. साध्या पेट्रोल इंजेक्शनमध्ये पाइपातला दाब साधारण ३ ते ४ बार असतो आणि तो गेज लावूनच कळतो. पाइप ढिला करून 'येतंय का बघू' म्हणणं धोक्याचं आहे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात तर दाब शंभर बारच्याही पुढे असतो. त्याच्या पाइपांना घरी हात लावू नये.

प्लग ओला निघाला तर

इथे दोन फाटे आहेत. ठिणगीच नाही, किंवा ठिणगी आहे पण इंजिन पेट्रोलने भिजून गेलंय. दुसरा फाटा सोपा आहे, तो आधी बघू.

एक हमखास प्रसंग सांगतो. थंड गाडी चालू केली, चार हात पुढे घेतली, दुसऱ्या गाडीला जागा करून दिली आणि लगेच बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू होत नाही. थंड इंजिनाला ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल देतो. ते जळायच्या आत इंजिन बंद झालं, प्लग भिजले, सिलिंडरवरचं ऑइल धुतलं गेलं आणि पिस्टनच्या रिंगांची पकड कमी झाली. अशा गाडीचा आवाजही बेल्ट तुटल्यासारखा हलका येऊ शकतो, म्हणून घाबरण्याआधी आदल्या दिवशी काय केलं होतं ते आठवा. उपाय असा: ॲक्सिलरेटर पूर्ण तळापर्यंत दाबून धरा आणि तसाच धरून १० सेकंदांपर्यंत सेल्फ मारा. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत पॅडल पूर्ण दाबलेलं असताना ईसीयू पेट्रोल बंद करतो, नुसती हवा आत जाते आणि सिलिंडर सुकतात. इंजिन खोकायला लागलं की पाय हळूहळू सोडा. नाही जमलं तर प्लग काढून पुसा, सुकवा, तासभर भोकं उघडी ठेवा आणि परत बसवा.

आता ठिणगी. प्लग हातात धरून किंवा इंजिनवर टेकवून ठिणगी बघायची जुनी पद्धत सोडून द्या. आजच्या कॉइल वीस ते चाळीस हजार व्होल्टपर्यंत जातात, आणि शेजारच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. कॉइल आणि प्लगच्या मध्ये लावायचा स्पार्क टेस्टर मिळतो, तो वापरा.

एकाच सिलिंडरला ठिणगी नसेल तर गाडी धडधडत का होईना, चालू होते. म्हणून जिथे प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल आहे, तिथे 'कॉइल गेली म्हणून गाडी चालू होत नाही' हे निदान सहसा चुकीचं. चारही सिलिंडर एकदम मुके झाले तर चारांना सामाईक असलेली गोष्ट शोधा: कॉइलचा फ्यूज, मेन रिले, अर्थिंग, ईसीयूचा पुरवठा आणि सगळ्यांत जास्त वेळा क्रँक सेन्सर. क्रँक सेन्सरच बंद असेल तर इंजेक्टरही गप्प राहतात आणि प्लग कोरडा निघू शकतो. म्हणजे कोरडा प्लग आणि पंप ठीक, असं कोडं पडलं तरी बोट त्याच्याकडेच.

हा सेन्सर फार नाटकी असतो. गाडी व्यवस्थित चालत असते, इंजिन तापतं, सिग्नलला अचानक बंद पडते. सेल्फ घेते पण उचलत नाही. अर्धा-पाऊण तास उभी राहिली, थंड झाली, की काही झालंच नव्हतं अशी चालू होते. गॅरेजला पोचेपर्यंत ती ठणठणीत असते आणि मेकॅनिक तुमच्याकडे संशयाने बघतो. तापल्यावर बंद, निवल्यावर चालू, हे वागणं दोन-तीनदा घडलं असेल तर ते शब्दशः सांगा. हा सेन्सर फ्लायव्हीलजवळ किंवा क्रँक पुलीजवळ असतो. त्याचा कनेक्टर ऑइलने माखलेला किंवा ढिला असला तरी हेच होतं, म्हणून बदलण्याआधी कनेक्टर काढून साफ करून परत बसवून बघा.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत ठिणगीचा दोष बहुतेक डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) सापडतो: झाकणात ओल, झिजलेला रोटर, जळलेले पॉइंट. पावसाळी सकाळी गाडी चालू होत नसेल तर झाकण काढून कोरड्या फडक्याने आतून पुसा, वायरीही पुसा. अर्ध्या वेळा काम तिथेच होतं.

डिझेलची गोष्ट निराळी

डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणून इथे वास घेण्यापेक्षा धूर बघा. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढुरका धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण जळण्याइतकी उष्णता मिळत नाही. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाही.

धूर नसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे हवा धरणं. टाकी पूर्ण संपवली, फिल्टर बदलला किंवा पाइपाला चीर पडली की डिझेलच्या जागी हवा भरते आणि पंप ती पुढे ढकलू शकत नाही. फिल्टरजवळ हाताने दाबायचा प्रायमर असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबत राहा. ज्या गाड्यांत टाकीत इलेक्ट्रिक पंप आहे, तिथे इग्निशन पाच-सहा वेळा ऑन-ऑफ करून प्रत्येक वेळी थोडं थांबा. फिल्टरच्या तळाशी पाणी काढायचा स्क्रू असतो. तो सोडून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या. पाणी असेल तर ते खाली वेगळं दिसतं. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बंद होतो, तेव्हा गाडी उबदार जागी नेण्याला पर्याय नाही.

कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून (रेलमधून) डिझेल मिळतं, तिथे रेलमधला दाब ठरावीक पातळीला पोचल्याशिवाय, म्हणजे बऱ्याच गाड्यांत साधारण २०० बारच्या आसपास, ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. एखादा झिजलेला इंजेक्टर डिझेल परतीच्या पाइपात सोडत असेल तर दाब तिथवर जातच नाही. हे स्कॅनरवर, म्हणजे ईसीयूला जोडून त्यातले आकडे आणि दोषांचे कोड दाखवणाऱ्या यंत्रावर, दिसतं. चालत्या इंजिनात हा दाब हजार बारच्या वर जातो. त्या पाइपाची नळी ढिली करून बघणं किंवा गळती बोटाने शोधणं कधीही करू नका. सुईसारखी धार कातडी भेदून डिझेल आत घालते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. तसं झालंच तर दुखत नसलं तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं.

पांढरा धूर आणि थंड सकाळ असेल तर सिलिंडरमधली हवा तापवणारे हीटर प्लग बघा. इग्निशन ऑन केल्यावर वेटोळ्याच्या चित्राचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग सेल्फ. मल्टिमीटरवर चांगल्या हीटर प्लगचा रोध साधारण एक ओहमच्या आत-बाहेर येतो. काहीच जोड दाखवत नसेल तर तो जळलेला. मात्र भर उन्हाळ्यात दुपारी गाडी चालू होत नसेल तर हीटर प्लगला दोष देऊ नका.

डब्यातला स्टार्टिंग स्प्रे डिझेलमध्ये मारू नका. तापलेल्या हीटर प्लगवर तो अवेळी पेटतो आणि पिस्टन फुटू शकतो.

हवा, दाब आणि स्कॅनर

हवेमुळे गाडी मुळीच चालू न होणं क्वचितच घडतं. एअर फिल्टर उघडून घरटं किंवा चिंधी नाही ना ते बघा आणि पुढे चला. बेल्ट तुटल्याचा संशय असेल तर वरचं प्लास्टिकचं झाकण काढून बेल्ट जागेवर, ताठ आणि सगळ्या दातांनिशी आहे का ते बघा. खात्री झाली नाही तर सेल्फने फिरवून बघण्याचा मोह टाळा आणि मेकॅनिकला इंजिन पान्याने हाताने फिरवू द्या. दाब मोजायचा गेज लावला तर निरोगी पेट्रोल इंजिन साधारण १० ते १३ बार दाखवतं, डिझेल त्याच्या दुपटीहून जास्त.

स्कॅनर हाताशी असेल तर तो फ्यूज बघण्याआधीच लावायला हरकत नाही. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष, पी ०३४० म्हणजे कॅम सेन्सरच्या. पण कोड नाही म्हणजे दोष नाही असं धरू नका. मेलेल्या पेट्रोल पंपाचा कोड बऱ्याच गाड्यांत येतच नाही. कोडपेक्षा सेल्फ मारतानाचे चालू आकडे जास्त सांगतात: आरपीएम दिसतोय का, रेलचा दाब वाढतोय का, आणि थंड इंजिनाचं तापमान बाहेरच्या हवेइतकंच दिसतंय का. रात्रभर उभ्या गाडीत ते उणे ४० दिसत असेल तर तापमानाच्या सेन्सरची वायर तुटली आहे, आणि ईसीयू इंजिनाला पेट्रोलची आंघोळ घालतोय.

गॅरेजला फोन करताना

'गाडी बंद आहे, या' एवढं सांगितलं की मेकॅनिक पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि तो वेळ तुमच्या बिलात येतो. त्याऐवजी हे सांगा: इंजिन कोणत्या लयीत फिरतंय, चेक इंजिनचा दिवा लागतो का, चावीचा दिवा लुकलुकतो का, पंपाचा आवाज येतो का, प्लग ओला होता की कोरडा, डिझेल असेल तर धूर होता का. गाडी तापल्यावर बंद पडली की रात्रभर उभी राहून, पाऊस-पाणी लागलं होतं का, आदल्या दिवशी इंधन भरलं होतं का, कुणी काही काम केलं होतं का. काय काय बदलून किंवा काढून बघितलं तेही लपवू नका, विशेषतः रिलेची अदलाबदल. हॉर्न वाजत नाही म्हणून दुसरीच शोधाशोध सुरू व्हायची.